बाव आणि डांगर

त्या उन्हाळ्यात वाडीवर पाखरं उतरायची बंद झाली होती. उदगीरकडून जळकोटला जाणाऱ्या रस्त्याला लागून ही वाडी. सकाळी एखादा थवा यायचा, घिरट्या घालायचा आणि खाली न टेकता निघून जायचा. बोअरच्या गाड्या येऊन भुईला भोकं पाडून गेल्या होत्या. पाइपातून निघायचा तो पांढरा फुफाटा, पाणी नाहीच.

यशोधरा या वाडीत आली ती अण्णारावांची देखभाल करायला. ती किनवटकडची. बाप जंगलखात्यात रोजंदारीवर, आई मोहफुलं वेचणारी. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून अभ्यास करणारं ते घर. पोरीला आश्रमशाळेच्या वसतिगृहात घातलं, मग नांदेडला नर्सिंगला. कोर्स झाल्यावर कुणीतरी सांगितलं, जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली हव्यात, पण आधी भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. लातूरला एक क्लास होता, फक्त रविवारी. बाकीचे दिवस हाताला काम पाहिजे म्हणून तिनं ही नोकरी धरली. वाडीतली माणसं तिला शिष्टर म्हणत.

अण्णाराव म्हणजे वाडीतला जुना, खमका लिंगायत शेतकरी. होळीच्या आसपास त्यांना झटका आला आणि उजवं अंग गेलं. नजर तरतरीत होती, कान शाबूत होते, डोकंही जागेवर होतं. जीभ मात्र फितूर झाली होती. त्यांचं बोलणं घरात कुणाला उमगत नव्हतं. मुलगा शिवलिंग उठता-बसता बापाला विचारायचा, "अण्णा, काय पायजे?" आणि उत्तर ऐकून बायकोकडं, सरस्वतीबाईकडं बघायचा. तीही मान हलवायची. म्हातारा मग भिंतीकडं तोंड करून पडायचा.

पहिले काही दिवस यशोधराचा पेला वेगळ्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. तिनं ते पाहिलं आणि कामाला लागली. पण अण्णाराव दुसऱ्या कुणाच्या हातून घोटभर पाणी घेईनात, तेव्हा कोनाड्याची गोष्ट आपोआप मागं पडली.

क्लास घेणारे पंचाक्षरी सर चाकूरचे. दहा-बारा वर्षं जपानात वेल्डिंगच्या कारखान्यात काढून आलेले. फळ्यावर छान अक्षर काढत आणि बोलत मात्र अस्सल गावाकडचं. पहिल्याच रविवारी त्यांनी पोरींना पेचात टाकलं होतं.

"काना म्हंजे अक्षर. आता दोन जपानी लिप्यांची नावं बघा. हिरागाना आन काताकाना. शब्द तोच. एका जागी 'का'चा 'गा' झाला, दुसऱ्या जागी न्हाई झाला. का?"

पोरी वहीत बघू लागल्या.

"मलाबी ठाव न्हाई," सर म्हणाले. "डब्याला हाको म्हनतेत, आन कचऱ्याच्या डब्याला गोमिबाको. 'हा'चा 'बा'. शंभराला ह्याकु. तीनशे सानब्याकु, सहाशे रोप्प्याकु, आन चारशेला परत साधं योनह्याकु. 'क'चा 'ग' हुतो, 'त'चा 'द', 'शि'चा 'जि'. ह्याला नियम हाय. पर नियमाला फसवनारे शब्द त्याहून जास्ती. ते एकेक करून ध्यानात ठेवायचे."

यशोधरानं विचारलं, "सर, पण ध्यानात ठेवायचे कसे?"

"तू बावीस म्हनतीस, बत्तीस म्हनतीस, बेचाळीस म्हनतीस. दोनाचा कुठं 'बा' झाला, कुठं 'ब' झाला, कुठं 'बे'. कुनाला इचारलं का कवा? तोंडाला सवय झाली. तशी सवय कर." मग त्यांनी खडू खाली ठेवला. "आन आनखी एक. तिथं पुस्तकातलं बोलनारी मानसं तुमच्या वाट्याला येनार न्हाईत. कुनाच्या तोंडात दात नसतेत, कुनाचं अंग गेलेलं असतंय. 'बा' कानावर पडला की तो 'हा'चा झालेला 'बा' हाय का मुळातलाच 'बा' हाय, हे तुमचं तुमालाच वळखावं लागतंय. न्हाई वळखलं तर मानूस जातंय."

शेवटचं वाक्य त्यांनी असं सहज टाकलं की पोरी हसल्या. यशोधरा हसली नाही.

ती अण्णारावांचं अंग पुसताना मोठ्यानं घोकत बसायची. म्हाताऱ्यालाही विरंगुळा. एकदा ती "रोप्प्याकु, हाप्प्याकु" म्हणाली तसा त्यांच्या अर्ध्या तोंडातून फुर्रकन हसू फुटलं. आणि त्याच दिवशी तिच्या डोक्यात उजेड पडला. अण्णाराव "बाणी" म्हणाले होते. त्यांना पाणी हवं होतं. "जहा" म्हणजे चहा. "गवाड" लावा म्हणजे कवाड लावा. "दाग" म्हणजे ताक. म्हाताऱ्याच्या जिभेवर कठीण अक्षरं मऊ होऊन येत होती, सरांनी फळ्यावर लिहिलेली होती तशीच.

तिनं ताक आणून दिलं, तेव्हा अण्णारावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शिवलिंग दारात उभा राहून बघत होता. "शिष्टर, तुमी तर जादूच केली," तो म्हणाला. त्या दिवसापासून अण्णाराव काय म्हणाले हे घरातले तिला विचारू लागले. तिलाही ते आवडू लागलं.

शिवलिंग काही वाईट माणूस नव्हता. धावपळ्या होता. उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार, रस्ता चौपदरी होणार, अशी बोलवा तेव्हा जोरात होती. चहाच्या टपरीवर लोक नव्या कलेक्टर कचेरीची जागासुद्धा ठरवून मोकळे झाले होते. शिवलिंगनं रस्त्याकडचा माळ जेसीबीनं सपाट करून घेतला, पांढऱ्या फक्कीनं प्लॉट आखले आणि 'नियोजित जिल्ह्याच्या वेशीवर' असा बोर्ड लावला. त्याच सुमारास वाडीला टँकर सुरू झाला. टँकर गल्लीत शिरत नव्हता. शिवलिंगनं आपण होऊन सांगितलं, माझ्या माळावर उभा करा. लोकांची सोय, आणि पाण्याच्या निमित्तानं चार माणसं प्लॉटही बघतात.

ही बातमी त्यानं जेवायच्या वेळी, बापाच्या खाटेशी बसून सांगितली. "अण्णा, टँकर आता आपल्या माळावर उभा ऱ्हातोय. कडूलिंबाच्या अलीकडं, जिथं जागा सपाट हाय तिथं."

अण्णारावांनी घास गिळला नाही. तोंडातला भात बाहेर आला. त्यांनी डावा हात उचलला आणि दाराकडं केला. "बाव," ते म्हणाले. "बाव. डँगर."

सगळ्यांनी यशोधराकडं पाहिलं. तिनं क्षणभर विचार केला. 'ब'चा 'प'. "पाव मागतेत," ती म्हणाली.

"आन डांगर?" सरस्वतीबाई हसली. "डांगराची भाजी खायाची आली का काय ह्यांला? दुष्काळात डांगर कुठून आनावं!"

तरी तिनं माणूस पाठवून जळकोटच्या बाजारातून लालभोपळ्याची फोड आणवली. यशोधरानं पाव दुधात भिजवून चमच्यानं भरवला. अण्णारावांनी तोंड फिरवलं. तिनं पुन्हा चमचा नेला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं वाटी उडवून लावली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. सकाळी टँकरचा भोंगा रस्त्यावर वाजला की म्हातारा खाटेवर तळमळू लागायचा. "बाव. डँगर. जिवा... जिवा..." सरस्वतीबाई म्हणायची, जिवाला लई कंटाळलेत. शेजारणी यायच्या, पदर तोंडाला लावायच्या. यशोधरा रोज पाव आणायची. रोज पाव तसाच वाळायचा, आणि मुंग्यासुद्धा त्याला लागायच्या नाहीत, इतकं घर कोरडं होतं.

एकदा ती स्वतः घागर घेऊन माळावर गेली. बायांची रांग कडूलिंबापर्यंत होती. टँकरच्या नळीतून पाणी सांडत होतं, चांगलं बादलीभर. पण खाली चिखल नव्हता. पाणी भुईवर पडायचं आणि लगेच दिसेनासं व्हायचं.

"भुई लई तान्हेली हाय," रांगेतली म्हातारी सरजाबाई म्हणाली. मग तिनं आपली घागर टेकवली आणि कपाळाला आठी घातली. "आवाज कसा यायलाय बघ गं पोरी. घुम्म यायलाय."

यशोधरानं पाय आपटून पाहिला. तिला काही ऐकू आलं नाही, टँकरचं इंजिन चालू होतं. पण पाण्यानं भिजायला हवी ती जागा कोरडी का, हे तिच्या मनात खुपत राहिलं.

नंतरच्या एका सकाळी ती अण्णारावांची दाढी करत होती. समोरच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचा जुना फोटो होता, पागोट्यातला. धूळ साचली होती म्हणून तिनं तो पुसला. अण्णाराव फोटोकडं बघून स्पष्ट म्हणाले, "बाबा."

तिचा हात थांबला.

बाबा. तिच्या नियमानं हे पापा व्हायला हवं होतं. पण म्हातारा बापाला बाबाच म्हणणार, दुसरं काय म्हणणार? म्हणजे मुळात मऊ असलेलं अक्षर मऊच राहत होतं. 'ब' हा दर वेळी 'प'चा झालेला 'ब' नव्हता.

तिनं फडकं खाली ठेवलं. "अण्णा, तुमी पाव म्हनत न्हाईत. तुमी बावच म्हनायलाव?"

अण्णारावांनी डोळे मिटले आणि उघडले. गळ्यातून हुंकार निघाला.

बाव म्हणजे काय हेच तिला आठवेना. किनवटकडं तिच्या घरी हीर म्हणत, शाळेत विहीर. बाव हा शब्द तिनं आजीच्या तोंडून कधीतरी ऐकलेला. "बाव म्हंजे हीर का अण्णा? पान्याची हीर?"

त्यांनी तिचं मनगट धरलं. पकड इतकी घट्ट की तिला कळ आली. "डँगर," ते म्हणाले. "डँगर!"

आता तिला ते शब्द सरळ ऐकू आले. 'ट'चा 'ड', 'क'चा 'ग'. टँकर. डांगर नव्हे, टँकर. आणि मग तिसरा, ज्याच्यावर घरातल्या बायांनी पदर ओले केले होते. 'शि'चा 'जि'. जिवा नव्हे. शिवा. म्हातारा मुलाला हाक मारत होता. शिवा, बाव, टँकर. इतके दिवस तो एकच वाक्य बोलत होता, आणि ती त्याच्या तोंडात पाव कोंबत होती.

"माळावर बाव हाय? टँकर उभा ऱ्हातोय तिथं?"

हुंकार.

"बुजवली न्हाई?"

अण्णारावांनी डावा तळहात उपडा केला आणि खाटेच्या कडेवर आडवा ठेवला. नुसतं झाकण.

बाहेर रस्त्यावर भोंगा वाजला.

ती चप्पल न घालता पळाली. शिवलिंग ओट्यावर फोनवर बोलत होता. उदगीरहून गिऱ्हाईक निघालं होतं. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा आवळला.

"माझ्या शेतात बाव हाय आन मला ठाव न्हाई? मी तिथं ल्हानाचा मोठा झालो."

"दादा, अण्णा खोटं कशाला सांगतील?"

"अण्णा सांगत न्हाईत, तुमी सांगायलाव. काल म्हनलाव पाव मागतेत. आज म्हनताव बाव हाय. उद्या काय म्हनसाल?" त्यानं आवाज खाली आणला. "शिष्टर, तुमी जपानी शिका, लई चांगलं हाय. पर माझ्या बापाची भाषा मला शिकवू नका. गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर एकबी प्लॉट उठनार न्हाई."

पाव तिनंच आणला होता, हे खरंच होतं. ती माळाकडं धावत सुटली.

टँकर जागेवर उभा होता, भरलेला. ड्रायव्हर दगडोबा नळी सोडत होता. बाया घागरी पुढं सरकवत होत्या. यशोधरा ओरडली, "बाजूला व्हा! खाली बाव हाय!" कुणी हललं नाही. पाण्याची रांग मोडायला त्या उन्हाळ्यात कुणी तयार नव्हतं. फक्त सरजाबाईनं घागर सोडली आणि तोंडाला हात लावला.

"हाव गं बाई," ती म्हणाली. "हुती. बहात्तरच्या दुष्काळात आटली. अण्णाचा धाकटा भाऊ गाळ काढायला उतरला आन वर आलाच न्हाई. मग तिचं नाव काडायचं न्हाई म्हनून सांगितलं घरात. पर ती बुजवली म्हनले हुते."

"बुजवली न्हाई मावशी. नुसती झाकली हाय."

सरजाबाईचं वय आणि तिचा पांढराफटक चेहरा यांनी जे केलं ते यशोधराच्या ओरडण्यानं झालं नसतं. म्हातारीनं शेजारणीचा दंड धरून ओढला. एक हलली तशा बाकीच्या हलल्या. घागरी जागेवर टाकून बाया लिंबाखाली जमल्या. दगडोबा वैतागून म्हणाला, "मला दुसरी खेप हाय, काय त्ये लवकर ठरवा."

तेवढ्यात शिवलिंग मोटारसायकलवर आला. बायांचा घोळका, एकटा उभा टँकर, आणि रस्त्यावर गिऱ्हाइकाची जीप केव्हाही येणार. त्यानं यशोधराकडं बघितलं. तिला वाटलं आता शिव्या देईल. पण तो सरजाबाईपाशी गेला, दोन वाक्यं हळू बोलला, आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरलेला होता. त्या काकाचं नाव त्यानं लहानपणी एकदाच ऐकलं होतं, आणि विचारल्यावर मार खाल्ला होता.

"बरं," तो म्हणाला. "तुमच्या समाधानासाठी टँकर रस्त्याकडं घेऊ. दगडोबा, गाडी मागं घे."

"दादा, तुमी तिथं उभारू नका!" यशोधरा ओरडली.

"मागं दगड हायत, त्याला दिसनार न्हाई." तो टँकरच्या मागं गेला आणि हात हलवू लागला. "यिऊ दे. यिऊ दे. आनखी जरा."

इंजिनानं हिसका दिला. मागची चाकं हातभर सरकली आणि आवाज आला, जुनं लाकूड मोडतं तसा, पण लांबून, खालून. शिवलिंगनं हात हलवायचा थांबवून पायांकडं पाहिलं. मग तो तिथं नव्हता. टँकरचा मागचा भाग खाली बसला, तोंड आभाळाकडं झालं. दगडोबा दारातून बाहेर पडला आणि चार पायांवर रांगत लांब गेला. धुळीचा लोट उठला. त्यात काही दिसत नव्हतं. फक्त पाणी पडत असल्याचा आवाज येत राहिला. खोल, खूप वेळ. पावसाळ्यानंतर वाडीनं इतकं पाणी वाहताना ऐकलं नव्हतं.

क्रेन उदगीरहून आली. शिवलिंगला वर काढेपर्यंत ऊन कलून गेलं होतं.

त्याला घरी आणायच्या आधी यशोधरा परतली होती, कारण अण्णारावांना सांगणं तिच्याकडं होतं. ते खाटेवर ताठ पडून होते. वाडीचा कल्लोळ त्यांच्या कानावर आलाच होता.

"गोन?" त्यांनी विचारलं.

हा शब्द तिला एका क्षणात कळला. कोण?

तिनं त्यांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. "शिवादादा," ती म्हणाली. "बाया सगळ्या वाचल्या अण्णा. शिवादादा गेले."

अण्णाराव रडले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.

लिंगायत रिवाजाप्रमाणे शिवलिंगला शेतातच बसवून पुरायचं होतं. भुई इतकी कडक होती की पहार टणटण उडत होती. शेवटी ज्या जेसीबीनं माळ सपाट केला त्यालाच बोलवावं लागलं. अण्णारावांना खुर्चीवर उचलून नेलं. त्यांनी डाव्या हातानं मूठभर माती टाकली. तिथून पुढं त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. डॉक्टर म्हणत होते जीभ सुधारतेय, बोलता येईल. ते बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी पेल्याकडं नुसतं बघायचे.

सरस्वतीबाई तेराव्यापर्यंत यशोधराशी बोलली नाही. मग एके दुपारी चुलीपुढं बसून, तिच्याकडं न बघता म्हणाली, "म्हातारा ओरडून ओरडून सांगत हुता. आन तू पाव चारत बसलीस."

"हाव वैनी," यशोधरा म्हणाली. तिनं कपडे पिशवीत भरले. पण सरस्वतीबाईनंच उंबऱ्यात अडवलं. "जाऊ नको. तू गेलीस तर ते पानीबी सोडतील."

ती थांबली. तिच्याबरोबरच्या मुली परीक्षा देऊन जपानला गेल्या, त्यांचे फोटो येत राहिले. क्लास तिनं सोडला होता. पंचाक्षरी सर एकदा वाडीला येऊन गेले. त्यांना ऐकून माहीत होतं. ओट्यावर चहा पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तीनातला एक शब्द नियमाला फसवनारा निघाला. तीनशेला सानह्याकु म्हनलं तर दुकानदार हसतोय. इथं हसायला कुनी न्हवतं. पर परीक्षा दे. सोडू नको." ती मान हलवून बसून राहिली.

जिल्हा काही झाला नाही. बोर्ड वाऱ्यानं पडला तो तसाच पडून राहिला. बाव मुरूम टाकून भरली. किती गाड्या मुरूम गेला तरी ती मागतच होती, असं दगडोबा पुढं कुणालाही सांगायचा. टँकर शाळेच्या पटांगणात उभा राहू लागला.

अण्णाराव त्यानंतरच्या थंडीत गेले, सकाळी, यशोधरानं तोंड पुसून टॉवेल वाळत घालायला नेला तेवढ्यात. त्यांनाही माळावरच, मुलाच्या शेजारी ठेवलं.

ती पुन्हा लातूरला जाऊ लागली. मधे जग बंद पडलं, विमानं बंद पडली, वर्षं वाया गेली. पण परीक्षा झाली, आणि तिला एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमाचं बोलावणं आलं. निघायच्या दिवशी किनवटहून आईबाप लातूरच्या स्टँडवर आले होते. गर्दीतून सरस्वतीबाईही आली, पांढऱ्या कपाळाची, हातात भाकरी बांधलेलं फडकं.

फडकं तिच्या हातात देऊन ती म्हणाली, "तिथं कुनी म्हातारं काई म्हनलं आन तुला कळलं न्हाई, तर कळलं म्हनू नको. परत इचार. त्याला राग आला तरी इचार."

"इचारते वैनी," यशोधरा म्हणाली, आणि आईबापांच्या पाया पडून गाडीत चढली.